तात्पुरता पत्ता आणि त्याचा दुसरा उपयोग

शाळेंत मुलांना पत्रलेखन शिकवितांना पत्ता लिहिण्याचा एक क्रम सांगावा लागे. प्रथम व्यक्तीचें नांव, त्याखालीं मुक्काम, मग पोस्ट, तालुका व जिल्हा. मुलें हा क्रम पाठ करीत. परंतु त्यामागील मर्म क्वचितच कोणाच्या ध्यानांत येई. माणूस आधीं व ठिकाण मागाहून, हें तें मर्म होय. ठिकाण बदलतें, त्याचें नांव बदलतें, राज्यें येतात आणि जातात. पत्र मात्र माणसासाठीं असतें व तें त्यालाच पोंचलें पाहिजे.

आम्हां हिंगोलीकरांना ठिकाणाची ओळख बदलण्याचा अनुभव इतरांपेक्षां कांहींसा अधिक आहे. निजामाच्या राजवटींत हा भाग परभणी जिल्ह्यांत मोडत असे. हैदराबाद संस्थानाचें टपालखातें स्वतंत्र होतें, आणि त्याच्या तिकिटांवर उर्दू, इंग्रजी व तेलुगु यांच्या जोडीला मराठी अक्षरेंहि छापलेलीं असत. १९४८ च्या सप्टेंबरांत संस्थान भारतांत आलें. १९५० सालीं त्याचें टपालखातें भारत सरकारच्या खात्यांत मिळालें. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला. १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य झालें. आणि १ मे १९९९ रोजीं परभणीचे कांहीं तालुके वेगळे काढून हिंगोली हा जिल्हा करण्यांत आला. कळमनुरीच्या किंवा वसमतच्या एखाद्या जुन्या वाड्यांतील कुटुंबानें वाडा न सोडतां आपल्या पत्त्यावर तीन राज्यें व दोन जिल्हे लिहिले आहेत. १५ ऑगस्ट १९७२ रोजीं देशांत पिनकोड सुरू होऊन त्यांत सहा अंकांची भर पडली. ही योजना करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे दळणवळण मंत्रालयांतील वरिष्ठ अधिकारी होते आणि संस्कृत भाषेंतील नामवंत कवीहि होते. संस्कृत शिकविण्यांत ज्याचा जन्म गेला त्या मास्तरास ही गोष्ट सांगतांना थोडा अभिमान वाटला तर वाचकांनीं क्षमा करावी. हिंगोली शहराचे ४३१५१३ हे अंक त्या योजनेचेंच फळ होय.

एवढी उलथापालथ होऊनहि पत्रें बहुधा चुकलीं नाहींत. कारण पत्ता ही केवळ एक खूण होती. ती खूण पाहून माणसाला ओळखणारा पोस्टमन निराळा होता. मनिऑर्डर ज्याची त्याच्याच हातीं तो देई. ती देतांना सही किंवा अंगठा घेई. आणि घर बदललें असल्यास चार दारें पालथीं घालून नव्या घरीं पत्र पोंचतें करी. ई-मेलच्या नव्या पत्त्यांत ओळखणारा हा माणूसच उरलेला नाहीं. १९७१ सालीं रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्यानें संगणकांच्या जाळ्यावरून पत्र धाडतांना तें वेटोळ्याचें चिन्ह योजिलें. त्याच्या डावीकडे नांव व उजवीकडे त्या नांवाचें घर, अशी रचना रूढ झाली. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें इंटरनेट आपल्या देशांतील सामान्य जनांस खुलें केलें, आणि पुढें हळूहळू हा पत्ता घरोघर आला. या पत्त्याचा नियम एकच आहे : पेटी ज्याच्या हातीं, पत्रें त्याचीं. पेटी उघडणारा मनुष्य कोण आहे, हें पाहणारा तेथें कोणी नाहीं.

हा भेद मनांत नीट ठसला म्हणजे प्रस्तुत लेखाचा विषय सहज समजेल. अलीकडे तरुण मंडळींत तात्पुरते, घटकाभर टिकणारे ई-मेल पत्ते वापरण्याची चाल पडली आहे. ती सर्वस्वी वाईट आहे असें नव्हे. परंतु एकदां वापरलेला असा पत्ता पुन्हां वापरावयाचा, किंवा ज्या कामासाठीं पुढें परत यावें लागणार त्या कामाला तो द्यावयाचा, ही संवय घातक आहे. आणि तिचा उपद्रव आपल्यासारख्या लहान जिल्ह्यांतील कुटुंबांना अधिक पोंचतो, हें येथें दाखवावयाचें आहे.

तात्पुरता पत्ता म्हणजे काय?

कोणतेंहि संकेतस्थळ उघडावें तों तें प्रथम आपला पत्ता विचारतें. एक दरपत्रक पाहावयाचें असो, एखादें पुस्तक उतरवून घ्यावयाचें असो, पत्ता दिल्यावांचून दार उघडत नाहीं. आणि एकदां दिला कीं जाहिरातींचा पाऊस सुरू होतो. या जाचावर कांहीं हुशार लोकांनीं तोड काढली. २००३ सालीं पॉल टायमा या अमेरिकन गृहस्थानें ‘मेलिनेटर’ नांवाची सोय सुरू केली. तेथें आधीं नांव नोंदवावें लागत नाहीं, पासवर्ड लागत नाहीं. मनाला येईल तें नांव घेऊन त्यापुढें त्या घराचें नांव जोडावें, कीं पत्ता तयार. आलेलें पत्र थोडा वेळ राहतें व मग आपोआप नष्ट होतें. पुढें २००६ च्या सुमारास ‘गुरिला मेल’ व ‘टेन मिनिट मेल’ अशा आणखी सोयी निघाल्या. पहिलींत पत्र सुमारें तासभर राहतें. दुसरींत नांवाप्रमाणें दहा मिनिटें, फार तर थोडी मुदत वाढवून घेतां येते.

आमच्या जिल्ह्यांत औंढा नागनाथ हें ज्योतिर्लिंग म्हणून प्रसिद्ध असलेलें क्षेत्र आहे. महाशिवरात्रीस तेथें यात्रा भरते, आणि यात्रेकरूंनीं धर्मशाळा गजबजून जातात. आज ज्या खोलींत आपण पथारी टाकली तींत उद्यां दुसरा यात्रेकरू येतो, आणि त्यांत गैर कांहींच नाहीं. धर्मशाळा त्याचसाठीं असते. तात्पुरता पत्ता ही अशीच धर्मशाळेची खोली समजावी. फरक इतकाच कीं, मेलिनेटरसारख्या सार्वजनिक सोयीच्या खोलीला कुलूपच नसतें. ज्याला त्या खोलीचें नांव ठाऊक असेल, किंवा अंदाजानें सुचेल, तो कोणीहि आंत येऊन टेबलावरचें पत्र वाचूं शकतो. चालकांनीं ही गोष्ट लपवून ठेवलेली नाहीं. उघड पेटी हेंच त्या सोयीचें स्वरूप आहे. दोष सोय काढणाऱ्याचा नव्हे. धर्मशाळेंत दागिन्यांचा डबा ठेवून जाणाऱ्याचा आहे.

टपालखात्यांतहि प्रवाशांकरितां अशी सोय फार पूर्वींपासून आहे. तिला पोस्ट रेस्टांत म्हणतात. परगांवीं बिऱ्हाड नसलेल्या माणसाचें पत्र तेथील पोस्टमास्तरांपाशीं ठराविक मुदतीपर्यंत राहतें. आणि तो मनुष्य जातीनें येऊन आपली ओळख पटवितो तेव्हां तें त्याला मिळतें. पत्ता तात्पुरता, परंतु माणसाची पारख कायम, असा तो बंदोबस्त आहे. नव्या सोयींत पत्ता तात्पुरता आणि पारख मुळींच नाहीं. दोन्ही सोयी वरवर सारख्या दिसल्या तरी त्यांतील हा भेद विसरून चालणार नाहीं.

दुसऱ्या उपयोगाचे तीन प्रकार

तात्पुरता पत्ता एकदां वापरून विसरून जाण्यांत धोका फारसा नाहीं. पत्रावळीवर जेवावें, ती उचलून टाकावी. त्यांत कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. अनर्थ होतो तो दुसऱ्या उपयोगापासून. हा दुसरा उपयोग तीन प्रकारांनीं घडतो.

पहिला प्रकार म्हणजे आपणच पुन्हां तेथें जाणें. एका संकेतस्थळावर तात्पुरता पत्ता देऊन खातें उघडलें. चार महिन्यांनीं पासवर्ड आठवेना. ‘पासवर्ड विसरलों’ असें कळविलें कीं नव्या पासवर्डाची वाट दाखविणारें पत्र त्या जुन्या पत्त्यावर जातें. आतां दहा मिनिटांची ती पेटी केव्हांच नाहींशी झालेली असते आणि खातें कायमचें हातचें जातें. किंवा पेटी उघडी असते आणि तें पत्र आपल्या आधीं दुसराच कोणी वाचतो. गुरिला मेलसारख्या ठिकाणीं पत्रें तासाभरांत जात असलीं तरी पत्ता मात्र मरत नाहीं. पुन्हां तेंच नांव घातलें कीं नवीं पत्रें दिसूं लागतात. म्हणजे पत्ता चालू, परंतु मालकी कोणाचीच नाहीं.

दुसरा प्रकार म्हणजे आपला सोडलेला पत्ता दुसऱ्यास मिळणें. यासाठीं पत्ता नांवानें तात्पुरताच असला पाहिजे असें नाहीं. पडून राहिलेला कायमचा पत्ताहि असाच परका होतो. याचें प्रसिद्ध उदाहरण २००९ सालचें आहे. ट्विटर या अमेरिकन कंपनींतील एका नोकराचें जीमेलवर खासगी खातें होतें, आणि पासवर्ड विसरल्यास उपयोगी पडावा म्हणून त्यानें हॉटमेलचा एक जुना पत्ता तेथें नोंदवून ठेविला होता. तो जुना पत्ता बरेच दिवस न वापरल्यामुळें रद्द झाला होता. फ्रान्समधील एका तरुणानें हें हेरलें, तोच पत्ता स्वतःच्या नांवें नव्यानें घेतला, आणि जीमेलकडे पासवर्ड बदलण्याची मागणी केली. पासवर्डाची वाट सरळ त्याच्या हातीं आली. तेथून तो कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांपर्यंत पोंचला; आणि त्या वर्षींच्या जुलै महिन्यांत त्यांतील कांहीं कागद जगजाहीर झाले. कुलूप फोडावें लागलें नाहीं. टाकून दिलेली किल्ली उचलून घेणें पुरेसें झालें.

याहून मोठ्या प्रमाणावर हा प्रकार २०१३ सालीं घडला. त्या वर्षींच्या जून महिन्यांत याहू कंपनीनें जाहीर केलें कीं, जीं खातीं बारा महिन्यांत उघडलीं गेलीं नाहींत त्यांचीं नांवें नव्या इच्छुकांस देण्यांत येतील. हेतु चांगला होता. सोपीं व सुटसुटीत नांवें उगीच अडकून पडलीं होतीं. परंतु नवे मालक पेटी उघडून पाहतात तों जुन्या मालकांचीं पत्रें येत आहेत, कोणाच्या भेटीगांठींचीं, कोणाच्या खात्यांचीं, अशा तक्रारी सप्टेंबरपर्यंत येऊं लागल्या. कंपनीला ‘हें पत्र माझें नाहीं’ असें सांगण्याचें एक बटण ठेवावें लागलें. पत्र पाठवितांना ‘हा पत्ता अमुक तारखेपासून याच मालकाकडे असेल तरच पत्र द्यावें’ अशी अट घालतां यावी, म्हणून एक तांत्रिक नियमहि तयार करण्यांत आला व तो २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. आमच्या जुन्या पोस्टमनला जें पाठ होतें, तेंच यंत्राला शिकविण्याची ही खटपट होती! गूगल कंपनीचा नियम याहून वेगळा आहे. तेथें एकदां रद्द झालेला जीमेलचा पत्ता पुन्हां कोणासहि, खुद्द पहिल्या मालकासहि, दिला जात नाहीं.

तिसरा प्रकार कमी लोकांस ठाऊक आहे. वेटोळ्याच्या उजवीकडे जें घराचें नांव असतें तें कोणाच्या कायम मालकीचें नसतें. ठराविक मुदतीचे पैसे भरून तें राखावें लागतें. तात्पुरत्या पत्त्यांच्या घरांना पुष्कळ संकेतस्थळें प्रवेश नाकारतात, म्हणून त्यांचे चालक नवनवीं नांवें घेतात आणि जुनीं सोडून देतात. सोडलेलें नांव दुसरा कोणीहि विकत घेऊं शकतो. आणि त्यानें तें घेतलें कीं त्या घरांतील जुन्या खोल्यांना येणारीं सर्व पत्रें नव्या मालकाकडे जाऊं शकतात. यात्रेकरू निघून गेला, खोलीहि गेली, आतां धर्मशाळाच विकली गेली, असा हा प्रकार आहे.

याच संदर्भांत आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. पहिला महिना फुकट देणारीं कित्येक संकेतस्थळें असतात, आणि दर महिन्याला नवा तात्पुरता पत्ता देऊन तो पहिला महिना पुनःपुन्हां उपटण्यांत कांहीं मुलांना मोठी चतुराई वाटते. पानसुपारीच्या समारंभांत एका दारानें बाहेर पडून दुसऱ्या दारानें पुन्हां आंत शिरणाऱ्या मुलाला आपण घरीं काय म्हणतों, तें वडीलधाऱ्यांनीं त्यांना सांगावें. अधिक लिहिण्याची गरज नाहीं.

आपल्या जिल्ह्यांतील गोष्ट

येथें कोणी म्हणेल कीं, ट्विटर व याहू यांच्या गोष्टी आम्हांस कशाला? आमच्या घरीं असले पत्ते कोणी वापरीत नाहीं. वाचकहो, नांवानें वापरीत नसतील. परिणामानें वापरतात, आणि तें सर्वांत महत्त्वाच्या कामासाठीं वापरतात.

बारावीच्या मुलांचे अर्ज कसे भरले जातात तें आठवून पाहा. अर्जाची मुदत संपत आलेली असते. सेवाकेंद्राबाहेर रांग असते. केंद्रावरील तरुण एकामागून एक अर्ज भरीत असतो. ई-मेलचा रकाना आला कीं तो विचारतो, ‘ई-मेल आहे का?’ विद्यार्थी वडिलांकडे पाहतो, वडील विद्यार्थ्याकडे पाहतात. वेळ नसतो. मग तो तरुण केंद्राचाच पत्ता घालतो, किंवा तेथल्या तेथें एक नवा पत्ता काढतो. त्याचा पासवर्ड त्याच्याच ध्यानांत राहतो, किंवा तोहि विसरतो. त्याला दोष देण्याचें कारण नाहीं. त्यानें अर्ज वेळेंत पोंचविला, हा उपकारच झाला. परंतु विद्यार्थ्याच्या हातीं उरला तो एक तात्पुरता पत्ता. आणि त्याचा दुसरा उपयोग पुढें होणारच असतो.

वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा घ्या. मराठवाड्यांतील शेंकडों घरें या एका परीक्षेवर दृष्टि ठेवून असतात. हिंगोलीचीं मुलें तिच्यासाठीं नांदेडला व लातूरला राहतात. अर्ज बहुधा फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास भरला जातो. परीक्षा मे महिन्यांत होते. निकाल जूनमध्यें लागतो. आणि प्रवेशाच्या फेऱ्या पावसाळाभर व त्यानंतरहि चालतात. परीक्षा घेणारी राष्ट्रीय संस्था आपल्या माहितीपत्रकांत स्पष्ट बजावते कीं, ई-मेल व मोबाईल हे विद्यार्थ्याचे स्वतःचे किंवा त्याच्या आईवडिलांचे अथवा पालकांचेच द्यावेत, कारण सर्व सूचना तेथेंच पाठविल्या जातील. हें वाक्य किती घरांत वाचलें जातें?

समजा, सेनगांव तालुक्यांतील एखादी मुलगी नांदेडला शिकते. तिचा अर्ज गांवाकडील केंद्रांत भरला आहे. ऑगस्टांत तिला पासवर्ड आठवत नाहीं. नव्या पासवर्डाचें पत्र केंद्राच्या पेटींत जातें, आणि त्या पेटींत अशींच इतरांचीं पत्रें पडलेलीं असतात. केंद्र बंद असेल, चालक बदलला असेल, किंवा त्यानें काढलेला पत्ता त्याला स्वतःलाच उघडतां येत नसेल, तर? जागा मिळाल्यावर ठराविक तारखेच्या आंत महाविद्यालयांत हजर व्हावें लागतें. दुरुस्तीची मुदत संपल्यावर नोंदविलेला पत्ता बदलून घेणें सोपें नसतें. दोन वर्षांचा अभ्यास, आईवडिलांनीं हळद विकून भरलेली फी, आणि मुलीची सारी उमेद, हें सर्व एका रकान्यांत घातलेल्या परक्या पत्त्यावर लोंबकळत राहतें. शिष्यवृत्तीसाठीं असलेल्या सरकारच्या महाडीबीटी या संकेतस्थळाचीहि गोष्ट निराळी नाहीं. तेथेंहि अर्ज एकदां करून संपत नाहीं, दर वर्षीं त्याच खात्यावर परत यावें लागतें.

म्हणून तात्पुरत्या पत्त्याची खरी व्याख्या अशी करावी : ज्या पेटीची किल्ली सहा महिन्यांनंतर आपल्या हातीं असेल अशी खात्री नाहीं, तो पत्ता तात्पुरता. मग तो परदेशी सोयीचा असो कीं नाक्यावरच्या दुकानाचा असो.

मोबाईलचा क्रमांकहि पत्ताच

हीच गोष्ट मोबाईलच्या क्रमांकाची. आपण त्यास आपला क्रमांक म्हणतों, परंतु तो कंपनीनें वापरावयास दिलेला असतो. बरेच दिवस वापर नसल्यास, किंवा आपण बंद करून घेतल्यास, तो कांहीं काळानें दुसऱ्यास दिला जातो. नोव्हेंबर २०२३ मध्यें हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढें आला होता. बंद झालेला क्रमांक किमान ९० दिवस नव्या ग्राहकास दिला जात नाहीं, असें दूरसंचार नियामक प्राधिकरणानें तेथें सांगितलें. त्यावर न्यायालयानें म्हटलें कीं, क्रमांक सोडण्यापूर्वीं त्यास जोडलेलें व्हॉट्सअ‍ॅपचें खातें व त्यांतील साठा काढून टाकणें, ही काळजी जुन्या ग्राहकानें घ्यावयाची आहे. बँकांनीं व पैसे पाठविण्याच्या यूपीआय सोयींनीं बंद झालेल्या व पुन्हां दिल्या गेलेल्या क्रमांकांशीं आपल्या नोंदी दर आठवड्याला ताडून पाहाव्यात, असा दंडक राष्ट्रीय देयक महामंडळानें १ एप्रिल २०२५ पासून घातला आहे.

नव्वद दिवस म्हणजे तीन महिने. अर्ज फेब्रुवारीचा आणि प्रवेश ऑगस्टचा, हें अंतर त्याहून मोठें आहे. वडिलांनीं स्वस्त योजनेच्या लोभानें क्रमांक बदलला, जुन्यांत पैसे भरले नाहींत, आणि मुलीचा अर्ज त्याच जुन्या क्रमांकावर आहे, असें झालें कीं ओटीपी परक्याच्या हातीं जाण्याची वेळ येते. तसेंच घरांतील वडील मनुष्य निवर्तल्यावर दुःखाच्या भरांत त्यांचा मोबाईल पेटींत पडून राहतो. निवृत्तिवेतनाचें, बँकेचें, विजेच्या बिलाचें, सर्व खातें त्याच क्रमांकाशीं बांधलेलें असतें. बाराव्या-तेराव्याचे विधि आटोपल्यावर, तो क्रमांक मरण्यापूर्वीं, त्यावरील एकेक बंधन सोडवून घेणें, हेंहि आतां मागें राहिलेल्यांचें एक कर्तव्यच झालें आहे.

मग करावें काय?

तर मग प्रत्येक दुकानदाराला व जाहिरातवाल्याला आपला खरा पत्ता द्यावा काय? तसें मुळींच नाहीं. खासगीपणा हा घटनेनें दिलेला मूलभूत अधिकार आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २४ ऑगस्ट २०१७ रोजीं दिला. त्यानंतर २०२३ सालीं वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाहि झाला. अनोळखी माणसानें विचारलें म्हणून घरचा पत्ता सांगत सुटणें हें शहाणपण नव्हे. परंतु संस्कृतांत घट्टकुटीप्रभातन्याय म्हणून एक न्याय आहे. जकात चुकविण्यासाठीं एक व्यापारी रात्रभर आडवाटेनें भटकला. आणि उजाडतांना पाहतो तों जकातनाक्याच्याच दारीं उभा! जाहिरातीचा त्रास चुकविण्यासाठीं महत्त्वाच्या कामाला खोटा पत्ता देणाऱ्याची गत अशीच होते.

यांतून मधली वाट आहे. घरांतील प्रत्येक कर्त्या माणसाचे दोन पत्ते असावेत. पहिला बँक, परीक्षा, सरकारी काम व औषधोपचार यांसाठीं. तो सरळ नांवाचा, सुटसुटीत, आणि कोणासहि उगीच न सांगितलेला असावा. दुसरा दुकानें, दरपत्रकें व इतर किरकोळ व्यवहार यांसाठीं; त्यांत जाहिराती सांचल्या तरी हरकत नाहीं. परंतु दोन्हींच्या किल्ल्या आपल्याच हातीं असाव्यात.

ज्यांना थोडी अधिक कुशलता हवी त्यांच्यासाठीं आणखी दोन युक्त्या आहेत. जीमेलच्या पत्त्यांत आपल्या नांवानंतर अधिकचें चिन्ह घालून एखादा शब्द जोडला, जसें नांवापुढें ‘अधिक दुकान’, तरी पत्र आपल्याच पेटींत येतें. आणि पुढें त्याच पत्त्यावर भलत्याच कोणाची जाहिरात आली तर आपला पत्ता कोणी फोडला तें कळतें. कांहीं संकेतस्थळें हें चिन्ह स्वीकारीत नाहींत, आणि खरें नांव त्यांतून ओळखतां येतें, ही त्याची उणीव. दुसरी युक्ति टोपणपत्त्याची. ‘फायरफॉक्स रिले’ ही २०२० सालीं निघालेली सोय किंवा ॲपलची २०२१ ची ‘हाइड माय ईमेल’ ही सोय आपणांस एक निराळा पत्ता देते. त्यावर आलेलें पत्र आपल्या खऱ्या पेटींत पोंचविलें जातें, आणि त्रास होऊं लागला कीं तेवढा टोपणपत्ता बंद करतां येतो. धर्मशाळेच्या खोलीहून हा पत्ता वेगळा, कारण त्याला कुलूप आहे व किल्ली आपल्यापाशीं आहे. तरीहि बँकेला व परीक्षेला साधा, सरळ पत्ताच द्यावा, असें माझें स्पष्ट मत आहे.

कायमचा पत्ता काढला म्हणजे काम संपलें, असेंहि समजूं नये. गूगलनें डिसेंबर २०२३ पासून, दोन वर्षें न उघडलेलीं खासगी खातीं काढून टाकण्यास आरंभ केला आहे. बंद घरांतहि सणावारीं दिवा लावावा लागतो, त्याप्रमाणें प्रत्येक पेटी दोन-तीन महिन्यांनीं एकदां तरी उघडावी. त्या खात्यांत ‘पासवर्ड विसरल्यास उपयोगी’ म्हणून कोणता दुसरा पत्ता व कोणता क्रमांक नोंदविला आहे तें अवश्य पाहावें. तो जुना असेल तर त्याच दिवशीं बदलावा. ट्विटरच्या त्या नोकराचा घात नेमका याच जागीं झाला होता.

सेवाकेंद्रांत जाण्यापूर्वीं विद्यार्थ्यानें आपला पत्ता घरींच काढून घ्यावा, स्वतःच्या हातानें कागदावर लिहून न्यावा, आणि अर्ज सादर होण्यापूर्वीं पडद्यावरील प्रत्येक अक्षर स्वतः वाचून पाहावें. नांवांतील एक अक्षर चुकलें तरी पत्र दुसऱ्याच्या दारीं जातें. आणि येथें तें परत आणून देणारा पोस्टमन नाहीं. केंद्रचालकांनींहि ज्याच्यापाशीं पत्ता नसेल त्याच्या मोबाईलवर तो काढून द्यावा. पांच मिनिटें अधिक लागतील, परंतु पुढील सहा महिन्यांची हेलपाटी वांचेल.

शेवटीं एक घरगुती सूचना. पूर्वीं घरोघर जमाखर्चाची वही असे, तशी आतां पत्त्यांची एक वही असावी. कोणतें काम, कोणत्या पत्त्यावर, कोणत्या क्रमांकावर नोंदविलें, व तें कोणत्या तारखेस, एवढेंच तींत लिहावें; पासवर्ड मात्र त्याच पानावर लिहूं नये. येत्या रविवारीं दुपारच्या चहानंतर मुलांना जवळ बसवून या वहीचें पहिलें पान भरावें. शिष्यवृत्ति, बँक, गॅस, विमा, निवृत्तिवेतन, परीक्षा, असें एकेक नांव घेत गेलें कीं दोन-तीन तरी जागीं परका किंवा मेलेला पत्ता सांपडेल, अशी माझी अटकळ आहे. तो सांपडेल त्याच बैठकींत बदलून टाकावा.